दोन नोकऱ्या, जॉबकीपर एकच: सही करण्याआधी काय काय बघायचं

(हे सप्टेंबर 2020 मध्ये लिहिलेलं आहे. जॉबकीपर म्हणजे कोविडच्या काळात ऑस्ट्रेलियन सरकारने मालकांमार्फत कामगारांना दिलेली पगाराची मदत. ती मार्च 2021 मध्ये बंद झाली, तेव्हा खालचे नियम आणि रकमा त्या वेळच्या आहेत.) एप्रिलमध्ये मी एकाच आठवड्यात जॉबकीपरच्या दोन फॉर्मवर सह्या केल्या. एक फॉर्म कॅफेतला, जिथे मी दोन वर्षं स्वयंपाकघरात कॅज्युअल होते, म्हणजे कायम नोकरी नाही, लागेल तशा शिफ्ट. दुसरा ऑफिसं साफ करणाऱ्या कंपनीचा, तिथेही दीड वर्ष झालं होतं. दोन्हीकडून "हे भरून द्या, सरकार पंधरवड्याला 1500 डॉलर देणार आहे" एवढंच सांगितलं होतं. मी दिले भरून. त्यातून काय झालं ते खाली येईलच. आता 28 सप्टेंबरपासून जॉबकीपरचा दुसरा टप्पा सुरू होतोय, ओळखीतल्या तिघी-चौघींनी गेल्या आठवड्यात फोन करून एकच प्रश्न विचारला, की दोन नोकऱ्या असतील तर जॉबकीपरचा फॉर्म कुणाकडे भरायचा, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवते.

व्हिसाचं आधी बघा. नागरिक किंवा पीआर (कायमचे रहिवासी) असाल तर पुढे वाचा. न्यूझीलंडच्या पासपोर्टवर 444 व्हिसा असेल तरी चालतं. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना यात काहीही नाही. दोन-दोन ठिकाणी राबून फी भरणारी आपली कितीतरी मुलं इथे मेलबर्नमध्ये आहेत आणि त्यांना हे सांगताना मला फार वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही.



तारीख नीट बघा. आधी 1 मार्चला नोकरीवर असणाऱ्यांनाच मिळत होतं, आता 1 जुलैला नोकरीवर होता तरी चालतं. कॅज्युअल असाल तर त्या तारखेपर्यंत त्याच मालकाकडे नियमितपणे बारा महिने भरलेले हवेत. दोन मालकांकडचे सहा-सहा महिने मिळून बारा होत नाहीत. आणि एकीकडे पर्मनंट, दुसरीकडे कॅज्युअल असाल तर निवडीचा प्रश्नच नाही. कॅज्युअल मालकाच्या नावावर जॉबकीपर घेता येत नाही, पर्मनंटवाल्याकडूनच घ्यायचा.

आता मुख्य गोष्ट. फॉर्मवर सही एकाच ठिकाणी. नोकऱ्या दोन असोत की चार, सही एकच. फॉर्ममध्ये तसं लिहिलेलं असतं, की मी हा एकाच मालकाला देते आहे. मी ती ओळ वाचली नाही. कॅफेतला फॉर्म शिफ्ट संपताना हातात आला, हात पुसले आणि सही केली. कंपनीचा मोबाइलवर आला, बसमध्ये बसून मंजूर करून टाकला. कंपनीचं नाव टॅक्स ऑफिसात आधी पोहोचलं आणि कॅफेने माझ्या नावावर मागितलेले पैसे नामंजूर झाले. आता हे समजून घ्या, की मालक आधी स्वतःच्या खिशातून पगार देतो आणि टॅक्स ऑफिस त्याला नंतर भरपाई करतं. कॅफेवाल्या बाईंनी मला दोन पंधरवडे पैसे दिले होते. छोटं दुकान, फक्त पार्सलवर चाललेलं, आणि माझ्या एका सहीमुळे त्यांचे पैसे अडकले. मी ते हप्त्याहप्त्याने परत केले. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण मला अजून झोपताना ते आठवतं.

तेव्हा एका ठिकाणी सही करायची आणि दुसऱ्या ठिकाणी लेखी 'नाही' कळवायचं. हे लेखी 'नाही' विसरू नका. नुसतं फॉर्म न भरता गप्प बसणं पुरेसं नाही. पात्र असलेल्या सगळ्यांना घेणं मालकावर बंधनकारक आहे, निवडून माणसं घेता येत नाहीत, त्यामुळे हिशेब बघणारा माणूस तुमचा फॉर्म मागत राहणार, आणि घाईच्या दिवशी तुम्ही सही करून बसणार. दोन ओळींचा ईमेल करा: "माझं जॉबकीपर मी दुसऱ्या मालकाकडून घेत आहे, कृपया माझं नाव यादीत घालू नका." मेसेजवर कळवलंत तरी चालेल, पण लेखीच हवं. तोंडी सांगितलेलं रोस्टर बदलला की कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग सही कुठे करायची? आधी दोन्ही मालकांना विचारा की ते या टप्प्यात आहेत का. त्यांचा धंदा किती घटला याचा हिशेब आता नव्याने होणार आहे, सप्टेंबरची तिमाही गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून. साधारण धंद्याला 30 टक्के घट दाखवावी लागते. "बहुतेक मिळेल" या उत्तरावर सही करू नका.

दोघेही पात्र असतील तर शांतपणे कागदावर आकडे मांडा. माझे एप्रिलमधले आकडे देते. सफाईचं काम चालू होतं, उलट वाढलं होतं, पंधरवड्याला साधारण 1100 मिळत होते. कॅफेतलं काम शून्यावर आलं होतं. जॉबकीपर कंपनीकडे गेल्यामुळे मला 1500 मिळाले, पण त्यातले 1100 मी तसेही कमावलेच होते. म्हणजे खरी भर 400 ची. हेच नाव कॅफेकडे असतं तर कॅफेकडून 1500 आणि कंपनीचा पगार 1100 वेगळा, मिळून 2600. दुसऱ्या नोकरीच्या कमाईमुळे जॉबकीपर कापला जात नाही. म्हणून शक्य असेल तिथे, जी नोकरी थांबली आहे तिच्याकडे नाव द्यावं आणि जी चालू आहे तिचा पगार तसाच घ्यावा. ही लबाडी नाही, नियमच तसा आहे. आणि एकदा दिलेलं नाव मनात आलं म्हणून बदलता येत नाही. मी दोनदा फोन करून विचारलं. नाही म्हणजे नाही.

या टप्प्यात आणखी एक गोष्ट दोन नोकऱ्यावाल्यांच्या मुळावर आली आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातंय. आता सगळ्यांना सारखे 1500 नाहीत. दोन दर आहेत: 28 सप्टेंबर ते 3 जानेवारी 1200 आणि 750, मग 28 मार्चपर्यंत 1000 आणि 650. वरचा दर हवा असेल तर ठरलेल्या 28 दिवसांत 80 तास भरलेले हवेत. हे 28 दिवस 1 मार्चच्या आधीच्या किंवा 1 जुलैच्या आधीच्या शेवटच्या पगाराच्या मुदतीपर्यंत मोजतात, ज्यात तास जास्त तो काळ धरायचा. पण तास फक्त त्याच मालकाकडचे धरतात जिथे तुमचं नाव आहे. समजा कॅफेत 52 तास आणि सफाईचे 44. एकूण 96 झाले, पण कुठेही नाव दिलंत तरी 80 भरत नाहीत, दर खालचाच लागतो. तेवढेच 96 तास एका मालकाकडे राबणाऱ्या बाईला 1200 आणि तुम्हाला 750. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्यांना एका ठिकाणी पुरेसं काम मिळत नाही म्हणूनच ते दोन ठिकाणी जातात, आणि त्यांचेच तास तोडून मोजले जातात. पण आज नियम हा आहे, तर वरचं गणित करताना हा दरही धरा. एकीकडे 80 भरत असतील आणि दुसरीकडे नसतील तर उत्तर बदलू शकतं.

म्हणून पेस्लिपा काढून ठेवा. फेब्रुवारीच्या आणि जूनच्या, दोन्हीकडच्या. पगारी सुट्टी आणि सार्वजनिक सुट्टीचे पगारी तास धरले गेलेत का ते स्वतः मोजा. मालकाने टॅक्स ऑफिसला तुमचा दर कळवला की सात दिवसांत तुम्हालाही कळवायचा असतो. कळवला नाही तर विचारा. लाजू नका.

गणित झालं, मालक पक्का झाला, आता सही. एकच. आणि त्याच दिवशी, उद्या नाही, दुसऱ्याला लेखी 'नाही'. दोन्हींचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

टॅक्स फ्री थ्रेशोल्ड ही वेगळी भानगड आहे, तिचा जॉबकीपरशी घोळ करू नका. वर्षाला 18,200 डॉलरपर्यंतच्या कमाईवर टॅक्स नाही, ती सूट एकाच मालकाकडे घ्यायची, दोन्हीकडे टिक केलं असेल तर वर्षाअखेर टॅक्सचं बिल येईल. जॉबकीपरवरही पगारासारखाच टॅक्स कापला जातो, त्यामुळे हातात पूर्ण 1200 येणार नाहीत. भांडायला जाऊ नका.

सेंटरलिंककडून, म्हणजे सरकारी भत्ते देणाऱ्या खात्याकडून, काही मिळत असेल, तुम्हाला किंवा नवऱ्याला, तर जॉबकीपरची रक्कम कमाई म्हणून दर पंधरवड्याला कळवा, टॅक्स कापण्याआधीची. चाइल्ड केअर सबसिडीसाठी (पाळणाघराच्या फीला मिळणारी सरकारी मदत) दिलेला वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज बदला.

जॉबकीपरच्या नियमाखाली मालकाने घरी बसवलं असेल आणि दुसरं काम धरायचं असेल तर त्याला विचारा, सबळ कारणाशिवाय तो नाही म्हणू शकत नाही.

पहिली पेस्लिप आली की टॉप-अपची ओळ बघा, म्हणजे पगार जॉबकीपरच्या रकमेपेक्षा कमी असेल तर घातलेली भर. दुसऱ्या मालकाच्या पेस्लिपवर ती ओळ दिसली तर त्याच दिवशी फोन करा, पैसे खर्च करू नका. आणि लेखी 'नाही' पाठवलं का ते आत्ता, हे वाचता वाचता, सेंट बॉक्समध्ये बघून घ्या.