आर्ट थेरपीत करिअर करायचंय? फी भरायच्या आधी हे वाचा

ज्यांची चित्रकला चांगली आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळालेली आणि माणसांमध्ये रमायलाही आवडतं, अशांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोर्स कुठला करू? माझं म्हणणं, कोर्सचं नंतर बघू, आधी काम काय असतं ते जवळून बघा. आर्ट थेरपी म्हणजे चित्र-रंगांच्या मदतीने केलेले मानसिक उपचार, इथे चित्र काढायला शिकवायचं नसतं. चित्र कसंही येऊ दे, ते काढताना समोरच्याला काय होतंय तिकडे लक्ष ठेवायचं असतं, आणि त्यासाठी सायकॉलॉजी पक्की लागते. तसं बघितलं तर सुरुवात चित्रकारापासूनच झाली, एड्रियन हिल हा इंग्लिश चित्रकार टीबीच्या सॅनेटोरियममध्ये असताना चित्रं काढत राहिला आणि 1942 मध्ये त्यानेच आर्ट थेरपी हे नाव रूढ केलं, पण आज नुसत्या चित्रकलेवर हे काम करता येत नाही.

समजा स्पेशल स्कूलमधला ऑटिस्टिक मुलगा आहे, हाताला ओलं चिकट काही लागलं की किंचाळतो. त्याच्यापुढे वॉटरकलर आणि फेव्हिकॉल ठेवलंत तर सेशन तिथेच संपलं. सुरुवात पेन्सिल, स्केचपेनने करायची, म्हणजे जे त्याच्या कंट्रोलमध्ये राहतं त्याने, मग लांब दांड्याचा ब्रश, मग झिपवाल्या पिशवीत रंग भरून टेप लावायची आणि बाहेरून दाबायला द्यायची, आणि बोट रंगात घालायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं, आपण घाई करायची नाही. पाण्याचे रंग पसरतात तशा भावनाही पटकन वर येतात, कोणाला त्याने मोकळं वाटतं तर कोणी घाबरतं. कॅगिन आणि लुसब्रिंक या दोन आर्ट थेरपिस्टनी 1978 मध्ये, कुठलं साहित्य माणसावर कसा परिणाम करतं, याची नीट मांडणी केली, कुठल्याही चांगल्या कोर्समध्ये ती शिकवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आपलं बोलणं. 'वा, किती छान' म्हणायची आपल्याला इतकी सवय असते की ती सोडायलाच बराच काळ जातो, कारण एकदा छान म्हटलं की पुढचं चित्र ती व्यक्ती तुमच्यासाठी काढते. 'याच्याबद्दल सांगशील का?' एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. आणि रील्समध्ये सांगतात ना, काळा रंग वापरला म्हणजे डिप्रेशन, ते डोक्यातून काढून टाका, डब्यात काळाच खडू अख्खा उरला असेल म्हणूनही वापरला असेल. चित्र क्लायंटचं असतं, नाव झाकून, चेहरा न दाखवताही ते इन्स्टावर टाकायचं नाही. हे जमणार नसेल तर या कामात येऊच नका, मी अगदी मनापासून सांगते.

आता शिक्षण. भारतात आर्ट थेरपिस्ट म्हणवून घ्यायला आजपर्यंत वेगळं लायसन्स लागत नव्हतं, त्यामुळे दोन दिवसांचं वर्कशॉप करून 'सर्टिफाइड' लिहिणारेही भरपूर आहेत. 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत आर्ट आणि डान्स-मूव्हमेंट थेरपिस्ट आहेत, म्हणजे पुढेमागे नोंदणी येणार हे धरून चाला आणि पाया आत्ताच भक्कम करा. एमए सायकॉलॉजी, काउन्सेलिंग किंवा एमएसडब्ल्यू, यातलं एक आधी, त्यावर आर्ट थेरपीचं ट्रेनिंग. नोकरी सांभाळून डिस्टन्सने सायकॉलॉजी करू असा विचार असेल तर यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ते डिस्टन्स आणि ऑनलाइन दोन्ही बंद केलंय, त्यामुळे कोणी अॅडमिशन देत असेल तर आधी चौकशी करा. बाहेर जायचं असेल तर लंडनचं गोल्डस्मिथ्स, सिंगापूरचं लासाल अशा ठिकाणी मास्टर्स आहे. ब्रिटनमध्ये तर आर्ट थेरपिस्ट हे पदच कायद्याने संरक्षित आहे, एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेकडे नोंदणी नसेल तर लावता येत नाही, म्हणून जिथे राहून काम करायचंय तिथली डिग्री चालेल का हे फी भरायच्या आधी बघा.

कोणताही कोर्स असो, फोन करून थेट विचारा की प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास मिळणार, सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख, कोण देणार आणि त्यांचं स्वतःचं क्लिनिकल काम काय. उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या.

पैशाचं पण स्पष्ट बोलूया. फक्त आर्ट थेरपिस्ट म्हणून फुलटाइम जागा कमी निघतात, बरेच जण काउन्सेलर किंवा स्पेशल एज्युकेटर म्हणून लागतात आणि त्यातच हे काम करतात, बाकी फ्रीलान्स, म्हणजे एक दिवस शाळा, एक दिवस व्यसनमुक्ती केंद्र, एखादा वृद्धाश्रम. सुरुवातीची काही वर्षं घर दुसऱ्या कमाईवर चालेल का याचा हिशेब घरच्यांसोबत बसून करा.

आणि यातलं काहीही करायच्या आधी जवळच्या एखाद्या संस्थेत दर आठवड्याला एक दिवस जायला लागा, किमान सहा महिने, एकाच ठिकाणी. त्यांना सांगताना 'मला आर्ट थेरपी द्यायचीय' असं सांगू नका, ट्रेनिंग नसताना ती द्यायचीही नाही, मदतनीस म्हणून येते किंवा येतो म्हणा. ब्रश धुवा, कागद कापून ठेवा, कात्र्या मोजून आत ठेवा, मुलांच्या शेजारी बसा. घरी आल्यावर त्या दिवशी तुम्हाला स्वतःला काय वाटलं ते वहीत लिहा, पुढे सुपरव्हायजर पहिल्यांदा तेच विचारणार आहे.