अर्थशास्त्रातली पीएचडी : विषय मिळाला, पण प्रश्न कुठे आहे? या चुका टाळा

नोंदणी झाली की बहुतेकांचा सगळा जीव नियमांत अडकतो. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीनुसार किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, ते धरून कमीत कमी तीन वर्षं, शिवाय सहामाही प्रगती अहवाल. हे करावंच लागतं, पण या झाल्या पदवीच्या किमान अटी. प्रबंधाचा दर्जा वेगळ्याच गोष्टीवर ठरतो. ज्याचं उत्तर आधी माहीत नव्हतं आणि जे आपल्या अपेक्षेविरुद्धही निघू शकलं असतं, असा प्रश्न तुम्ही घेतलात का?

सर्वांत महागात पडणारी चूक शीर्षकातच होते. ‘अमुक जिल्ह्यातील महिला बचत गटांचा आर्थिक अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नाही. मग गृहीतक येतं : ‘बचत गटांमुळे महिलांच्या उत्पन्नात वाढ झाली आहे.’ तीनशे सदस्यांकडून प्रश्नावली भरून घेतली जाते, ‘उत्पन्न वाढले का?’ याला बहुतेक जणी ‘हो’ म्हणतात, काय-वर्ग (chi-square) ही सांख्यिकी चाचणी लावली जाते आणि गृहीतक सिद्ध! यात शोध काहीच लागलेला नसतो. गटात नसलेल्या बायकांचं उत्पन्नही त्या काळात वाढलं असेल. ज्या गटात आल्या त्या मुळातच जास्त धडपड्या असतील. गट सोडून गेलेल्या तर नमुन्यात आल्याच नाहीत.

त्याऐवजी असं विचारून पाहा : गटाचा हप्ता फेडायला बायका मायक्रोफायनान्स कंपनीकडून दुसरं कर्ज काढतात का, आणि कोणत्या महिन्यांत? आता कर्जाच्या तारखा, पासबुकं, पेरणी आणि शाळेच्या फीचे महिने हे सगळं मोजण्यासारखं होतं. उत्तर ‘नाही’ आलं तरी प्रबंध उभा राहतो. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिण्याआधी एका वाक्यात प्रश्नचिन्हासह प्रश्न मांडता येत नसेल, तर आरआरसीपुढे, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, जायची घाई करू नका.

दुसरी चूक आकडेवारीची, आणि ती हुशार मुलंही करतात. श्रमबल सर्वेक्षणाचा, म्हणजे पीएलएफएसचा, घटकनिहाय डेटा, म्हणजे प्रत्येक कुटुंबाची आणि व्यक्तीची वेगळी नोंद, सांख्यिकी मंत्रालय मोफत देतं. फाईल उतरवून थेट सरासरी काढली की आकडे प्रकाशित अहवालाशी जुळत नाहीत. कारण बहुधा मल्टिप्लायर. प्रत्येक नोंद किती लोकांच्या वतीने आहे हे तो सांगतो, आणि तो कसा वापरायचा याचं सूत्र सोबतच्या रीडमी फाईलमध्ये असतं. म्हणून आधी अहवालातला एखादा तक्ता स्वतः काढून बघा. तो जुळल्याशिवाय पुढचं एकही समीकरण चालवू नका. २०११-१२ आणि २०२२-२३च्या सरकारी सर्वेक्षणांतले कुटुंबांच्या उपभोग खर्चाचे आकडेही सरळ शेजारी ठेवू नका. मधल्या काळात प्रश्नावली आणि माहिती गोळा करण्याची पद्धत बदलली आहे.

साहित्य आढाव्यात ‘अमुक (२००८) यांच्या मते’ अशी परिच्छेदांची रांग लावू नका. कोण कोणाशी असहमत आहे आणि का, ते लिहा. डॉ. आंबेडकरांना १९२३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ज्या प्रबंधावर डीएस्सी ही डॉक्टरेट मिळाली, तो रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध या दृष्टीने जरूर वाचा. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीच्या (रुपयाचा दर सोन्याशी बांधलेल्या पौंडाशी जोडण्याच्या) बाजूने होते, तिच्याविरुद्ध आंबेडकरांनी चलनाचा इतिहास आणि आकडे समोर ठेवून बाजू मांडली. भूमिका घ्यायची ती अशी.

प्रकाशनाबद्दल थोडक्यात : प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची यूजीसीची सक्ती २०२२मध्ये गेली, पण विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो तपासा. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून मात्र लांबच राहा.

आणि जे चौथ्या वर्षी अडकलेत त्यांच्यासाठी. विषय बदलण्याचा विचार आधी बाजूला ठेवा. हातातल्या डेटातून प्रामाणिकपणे उत्तर देता येईल असा एकच लहान प्रश्न निवडा आणि त्याचं एक प्रकरण पूर्ण करा. मार्गदर्शकांकडे ‘सर, पुढे काय करू?’ असं रिकाम्या हाताने जाऊ नका. दोन पानी टिपण आणि एक तक्ता घेऊन जा. तेच टिपण विभागाबाहेरच्या एखाद्या अर्थशास्त्रज्ञालाही वाचायला द्या. तुमच्या गृहीतकावर पहिला जोरदार आक्षेप तिथून आला, तर व्हायवाच्या, म्हणजे अंतिम तोंडी परीक्षेच्या, आधी तो दुरुस्त करायला तुमच्याकडे वेळ असेल.