मेंढरं रस्त्यापलीकडे घालण्याआधी

काठी, शिट्टी, कुत्रं हे सांगायला नको. आधी एकट्यानं रस्ता ओलांडा आणि पलीकडचं रान डोळ्यांनी बघून या. बाभळीच्या काट्या लावल्यात का, तार ओढलीय का, केबलसाठी चर खणलाय का. काल वाट मोकळी होती म्हणून आज असेल असं धरू नका. मागच्या खेपेला एवढंच बघायचं राहिलं. पुढची मेंढरं कुंपणापाशी थबकली तेव्हा निम्मा कळप डांबरावर होता. पुढच्याला पाय टाकायला जागा नसली की मागून कितीही हाका, कळप हलत नाही.

म्हणून शेतमालकाला आदल्या संध्याकाळीच सांगा आणि लागतील त्यापेक्षा दोन काट्या जास्त उपसा. बांधाला हिरवं असेल तर तिथं माणूस ठेवा. पुढचं मेंढरू खाली तोंड घालून चरायला लागलं की सगळं तिथंच अडतं. वीस-पंचवीस पावलं आत जाईपर्यंत थांबू द्यायचं नाही.

रस्ता सरळ दिसेल तिथूनच ओलांडा; वळण नको, चढाचा माथा नको. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढं सरकते. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, त्यांना झटकन थांबता येत नाही. ते आधी जाऊ द्या. पुणे-सोलापूरसारख्या महामार्गावर खालून वाट असेल तर वळसा घालून तिथूनच न्या. दुभाजकावर कळप उभा करू नका. अंधारात तर मुळीच ओलांडू नका, दख्खनी मेंढरू काळं आणि डांबरही काळंच.

तांबडं फडकं घेऊन दोन्ही अंगांना एकेक माणूस, दोनशे पावलं लांब. कळपाला चिकटून उभा राहिलेला फडकेवाला काय कामाचा? शेरडं पुढं घाला, मेंढरं त्यांच्या मागं जातात. कोकरं आयांबरोबरच न्या. मागं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ठेवली तर त्यांचं ओरडणं ऐकून आई भर रस्त्यातून माघारी फिरते.

आता सोडायच्या आधी पुन्हा: पलीकडची वाट मोकळी आहे ना? पलीकडच्या माणसाला हाक मारून विचारा. "मोकळी हाय" असं उत्तर येईपर्यंत एकही मेंढरू सोडू नका. त्याच्या हातात मोबाईल असेल तर आधी तो खिशात ठेवायला लावा.

एकदा सुटली की कळप मधे तोडायचा नाही, कुणी कितीही हॉर्न वाजवो. पोचल्यावर काट्या लावा, मेंढरं मोजा, लंगडणारं वेगळं काढून खूर बघा.