लिस्बनला निघालेल्यांनी एटीएमपुढे उभं राहण्याआधी वाचा

चवथीला गोव्यात गावी आलं की फोंड्यात, डिचोलीत कुणी ना कुणी भेटतंच. 'पुढच्या महिन्यात लिस्बनला निघतोय, काय काय घेऊ?' खोली, थंडीचे कपडे, कुळथाचं पीठ, सगळं विचारून होतं. कार्डाचं कुणी विचारत नाही. आणि पहिल्या आठवड्यात पैसे जातात ते नेमके तिथेच.

घरून निघण्याआधीच बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमामुळे नवीन कार्ड मुळात देशातच चालतं, बाकीचं आपण सुरू करायचं असतं. फक्त देशातल्या वापराचं रुपे कार्ड तिथे उपयोगाचं नाही. भारतातला नंबर रोमिंगवर जिवंत ठेवा, कारण पैसे गेल्याचा मेसेज त्यावरच येतो. कार्ड बंद करायचा नंबर कागदावर लिहून बॅगेत ठेवा, आणि तो +९१ ने सुरू होणारा असू द्या. १८०० वाले नंबर बाहेरून बहुधा लागत नाहीत. २८ नंबरच्या ट्रामच्या गर्दीत पाकीट आणि मोबाइल एकदमच जातात, म्हणून कागद.

आता मुख्य गोष्ट. कार्ड घातलं, पिन दाबला, २०० युरो मागितले, की मशीन मध्येच विचारतं : हिशेब रुपयांत करू का? पडद्यावर रुपयांचा आकडा येतो. आकडा ओळखीचा, म्हणून बोट 'मान्य'कडे जातं. जाऊ देऊ नका! तो दर मशीनवाल्याचा असतो आणि त्यात त्याचा नफा धरलेला असतो. 'नको' म्हणा. 'नको' म्हटल्यावर व्यवहार रद्द होईल ही भीती सगळ्यांना असते, पण तसं होत नाही. पैसे मिळतातच, फक्त हिशेब युरोत होतो. मग व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो आणि वर आपल्या बँकेचे साधारण २ ते साडेतीन टक्के. सत्तरी तालुक्यातल्या एका पोराने खोलीच्या डिपॉझिटसाठी लिस्बनच्या रोसियू चौकाजवळ पर्यटकांच्या रस्त्यावर तीनदा २०० युरो काढले, तिन्ही वेळा 'मान्य' दाबलं. दर १२ टक्क्यांनी चढा होता. ७२ युरो गेले. ४० युरोचा महिन्याचा बस-मेट्रो पास काढूनही उरले असते. दुकानात कार्ड फिरवतानाही हाच प्रश्न येतो. तिथेही युरो. हॉटेलात, विमानतळावर, स्पेनला फिरायला गेलात तरी युरोच. आणि लंडनला गेलात तर पौंड.

मशीन बँकेच्या भिंतीतलं निवडा, निळ्या 'मल्टीबांकू' पाटीचं, म्हणजे तिथल्या बँकांच्या सामायिक एटीएम जाळ्यातलं. एका वेळी जास्तीत जास्त २०० युरो निघतात. शाखा उघडी असताना जा, म्हणजे साडेआठ ते तीन. कार्ड अडकलं तर आत माणूस असतो. कार्डाची खाच हलवून बघा, सैल वाटली तर वर चोराचं यंत्र बसवलेलं असू शकतं, पुढच्या मशीनकडे चला. पिन दाबताना वर हात धरा.

पोर्तुगीज माणूस रांगेत दोन पावलं मागे उभा राहतो आणि घाई करत नाही. माझा अनुभव असा की मशीनपाशी जवळ येऊन, गोड बोलून मदत करू बघणारा मदतीला आलेला नसतो. तो आपल्या भाषेत बोलला तरी.

हे लिहिताना वाईट वाटतं, पण आपल्याच लोकांबद्दल एक सांगायला हवं. एका खोलीत पाच-सहा जण राहतात आणि 'जरा माझेही काढून आण' म्हणून कार्ड आणि पिन सर्रास हातात दिले जातात. सगळे चांगलेच असतात, तरी देऊ नका. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा : तिसऱ्याच कुणी फसवलं आणि तुम्ही मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पिन तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं.

निफ, म्हणजे तिथला करक्रमांक, हातात आला की लगेच स्थानिक खातं उघडा. पोर्तुगीज कार्डाने मल्टीबांकूवर पैसे काढायला काही पडत नाही, विजेचं बिलही त्याच मशीनवर भरता येतं.