चाळीतला सडका कांदा गोबरगॅसमध्ये घालायचा असेल तर

पावसाळ्यात निफाड-लासलगावकडे कांदा साठवायची चाळ उघडली की बांधावर सडक्या कांद्याचा ढीग पडतो, वासाने जीव नकोसा होतो. तो फेकू नका, ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरं आहेत त्यांनी गोबरगॅस बसवाच.

घरच्या स्वयंपाकाला २ घनमीटरचा प्लांट होतो, त्याला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. शेणात तेवढंच पाणी घालून हातानेच कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही, आणि माती-खडे काढायचेच कारण ते तळाला बसतात आणि मग टाकी उपसत बसावं लागतं. (टाकीत माणूस उतरवू नका, आतल्या गॅसने जीव जातो.)

सुरुवातीला नुसतं शेणच. कुणाच्या चालू प्लांटची दोन-चार बादल्या स्लरी (टाकीतून बाहेर पडणारा कुजलेला पातळ काला) मिळाली तर टाका, विरजणाचं काम करते. पहिला गॅस पेटवायचा नाही, मोकळा सोडायचा, त्यात हवा असते, भडका उडू शकतो.

आता कांदा. गॅस निळ्या ज्योतीने रोज जळायला लागला की मगच, बारीक चिरून, बादलीभर शेणकाल्याला ओंजळभर. आम्ही पहिल्या वर्षी दोन पाट्या एकदम ओतल्या, चार-पाच दिवसांत स्लरीला आंबूस वास सुटला, वर फेस आला आणि शेगडी पेटेनाच. होतं काय, कांदा झपाट्याने कुजून आम्ल तयार करतो आणि मिथेन म्हणजे जळणारा गॅस करणारे जिवाणू सावकाश वाढणारे, त्यांना ते झेपत नाही. आम्लपणा मोजायची पीएच पट्टी आणून ठेवा, ७ च्या आसपास पाहिजे, साडेसहाच्या खाली आला की कांदा बंद, काही दिवस फक्त थोडं थोडं शेण. वाइनरीतला द्राक्षाचा चोथा, लिंबाच्या साली, यांचंही तेच. आणि कांद्यात गंधक असतं त्यामुळे गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो, बर्नर खातो, त्यासाठी पाइपच्या वाटेवर डब्यात लेथवरचा गंजलेला लोखंडी कीस भरून ठेवा.

थंडीत निफाडचा पारा घसरला की गॅसही घसरतो, तेव्हा काला उन्हात तापलेल्या पाण्यात करा आणि टाकीभोवती पाचट लावा.

बाहेर पडणारी स्लरी वाया घालवू नका हो, पाचटावर ओतून मुरवा आणि द्राक्षाच्या बुडाशी द्या.