कोमोच्या तळ्यावर एक दिवस: बोटीच्या या चुका टाळा

२ जूनला इटलीत प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असते. ‘फेरिए’ म्हणजे रजा, एवढं इटालियन मला येत होतं. म्हणून वेळापत्रकात ‘फेरियाले’ लिहिलेल्या बोटी पेनाने गोल केल्या आणि आई-बाबांना घेऊन तळ्याकाठच्या वारेन्ना गावाच्या धक्क्यावर वेळेआधी जाऊन उभी राहिले. वेळ टळली, बोट नाही. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंनी बोट दाखवलं, पण ते कागदावर, ‘फेस्तिवो’ या शब्दाखाली.

तर पहिली गोष्ट ही. फेरियाले म्हणजे कामाचा दिवस, त्यात शनिवारही आला. फेस्तिवो म्हणजे रविवार आणि सणासुदीच्या सुट्ट्या: २५ एप्रिल, १ मे, २ जून, १५ ऑगस्ट वगैरे. तिथल्या पार्किंगच्या पाट्यांवर कामाच्या दिवसासाठी दोन आडवे-तिडवे हातोडे काढलेले असतात आणि सुट्टीसाठी क्रूस. ते चित्र डोक्यात ठेवलं की घोळ होत नाही. वेळापत्रक ऋतूनुसारही बदलतं, त्यामुळे कुणी पाठवलेला गेल्या वर्षीचा फोटो कामाचा नाही.

दुसरी चूक नावामुळे होते. तळं कोमोचं, म्हणून लोक मिलानहून कोमो शहर गाठतात. तळ्याचा आकार उलट्या ‘वाय’सारखा आहे. कोमो त्याच्या एका पायाच्या टोकाला, आणि बघायची गावं सगळी मधल्या जोडावर. कोमोहून साधी बोट या काठावरून त्या काठावर थांबत त्या जोडावरच्या बेलाजो गावाला पोचायला दोनेक तास घेते. दिवसभर पाण्यावरच राहायचं असेल तर खुशाल बसा. नाहीतर मिलानो चेन्त्राले या मिलानच्या मुख्य स्टेशनहून तिरानोकडे जाणारी गाडी पकडून वारेन्नाला उतरा, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. डावीकडे खिडकी मिळवा, लेक्को शहरानंतर तळं त्याच बाजूला आहे. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. तिकीट असूनही दंड भरणारे पर्यटक कमी नाहीत.

वारेन्नाहून बेलाजो बोटीने पंधराएक मिनिटांवर आहे. इथे तीन प्रकारच्या बोटी चालतात. ‘बात्तेल्लो’ ही साधी प्रवासी बोट, ‘त्रागेत्तो’ ही गाड्या नेणारी, आणि जलद बोट, जिच्यासाठी जादा पैसे द्यावे लागतात आणि जिच्यात बंद काचेआड बसावं लागतं. त्रागेत्तोला कमी लेखू नका. वारेन्ना, बेलाजो, मेनाजो, कादेनाब्बिया या चौकडीत ती फिरत असते, पायी चढणाऱ्यांनाही घेते, आणि तिच्या वरच्या डेकवरून डोंगर छान दिसतात. मात्र बेलाजोत तिचा धक्का वेगळा आहे, प्रवासी बोटीच्या धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर. चुकीच्या रांगेत उभं राहून आपली बोट शेजारून जाताना बघणारे लोक मी त्या एका दिवसात दोनदा पाहिले.

गावं किती करायची? दोन. फार तर कादेनाब्बियाला उतरून चालत व्हिला कार्लोत्ताची बाग. सुट्टीच्या दिवशी दुपारी परतीच्या रांगा लांबतात आणि भरलेली बोट कुणासाठी थांबत नाही. बेलाजोच्या दुकानांत अडकण्यापेक्षा पुंता स्पार्तिवेंतो या टोकापर्यंत चालत जा. तळ्याच्या शाखा तिथूनच फुटलेल्या दिसतात. दुपारनंतर दक्षिणेकडून ‘ब्रेवा’ नावाचा वारा सुटतो, डेकवर जूनमध्येही आईने शाल पांघरली.

जेवण अडीचच्या आत उरका, नंतर बहुतेक स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद. शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘सेन्झा कार्ने’ म्हणू नये. कार्ने म्हणजे मांस, त्यात मासा येत नाही, आणि इथली खासियतच तळ्यातल्या पर्च माशाचा रिझोत्तो. ‘सेन्झा पेशे’, म्हणजे माशाविना, हेही जोडा, आणि भात कशाच्या पाण्यात शिजवला तेही विचारा.

परतीची बोट हुकलीच तर आधी त्रागेत्तोचं वेळापत्रक बघा. तेही संपलं असेल तर बेलाजोहून सी३० आणि पश्चिम काठावरच्या मेनाजोहून सी१० ही बस कोमोला जाते, तिथून मिलानची गाडी मिळते. पण सुट्टीच्या संध्याकाळी बसही विरळ, म्हणून शेवटच्या बोटीच्या आधीची बोट हीच आपली शेवटची समजा. वारेन्नाचं स्टेशन धक्क्यापासून चढावर आहे. बाबांच्या गुडघ्यांना तो चढ वीस मिनिटांचा पडला, आणि आमची गाडी सुटायला तेव्हा तीन मिनिटं उरली होती.