सूक्ष्म खनिजे अंगी लागावीत म्हणून घरात काय करावे

निफाडकडचा द्राक्षबागायतदार छाटणीनंतर ठरलेल्या दिवशी पानांचे देठ तोडून प्रयोगशाळेत पाठवतो आणि अहवालात जस्त किंवा लोह कमी दिसले, तर मोजूनच त्याची फवारणी करतो. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की लोह कमी पडले हे त्याला बांधावरूनच कळते. त्याच घरातली सून मात्र वर्षभर थकवा, जिना चढताना लागणारी धाप आणि पांढुरक्या पडलेल्या खालच्या पापण्या घेऊन कामाला जुंपलेली राहते. माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या बाबतीत हेच झाले आणि आम्हा सर्वांना ते उशिरा उमगले, म्हणून हे लिहिते आहे.

लोह, जस्त, आयोडीन, तांबे, सेलेनियम, मँगनीज यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात, कारण त्यांची गरज अत्यल्प असते. प्रौढ माणसाच्या शरीरात लोह सुमारे ३ ते ४ ग्रॅम आणि जस्त सुमारे २ ग्रॅम असते. आयोडीन दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे उभ्या आयुष्याचे मिळून एक चहाचा चमचाही होत नाही. परंतु लोहावाचून रक्तातून प्राणवायू वाहून नेता येत नाही, जस्तावाचून मुलांची वाढ खुंटते आणि जखमा लवकर भरत नाहीत, तर आयोडीनवाचून गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला आपले संप्रेरक तयार करता येत नाही.

ताटात खनिज असणे आणि ते अंगी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मूळचे बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ साली इराणमधील शिराझ येथील खुरटलेल्या तरुणांविषयी लिहिले आणि पुढे इजिप्तमधील अभ्यासातून अशा खुरटण्यामागे जस्ताची कमतरता असल्याचे दाखवले. हे तरुण प्रामुख्याने रोटीवर जगत होते. धान्यात जस्त असते, पण धान्याच्या कोंड्यातील फायटेट नावाचे द्रव्य त्याला आतड्यात धरून ठेवते. आपली भाकरी, पोळी आणि डाळ यांनाही हाच नियम लागू आहे. मात्र भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे या तीन जुन्या रीतींनी फायटेट बरेच कमी होते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतून नाशिकच्या बाजारात येणारी नागली, म्हणजे नाचणी, यासाठी फार सोयीची आहे. ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन दहा-बारा तास भिजत घालावी, पाणी निथळून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधावी आणि उबदार जागी एक ते दीड दिवस ठेवावी. फडके कोरडे पडू लागले, तर वरून पाण्याचा हबका मारावा. दाण्यांना पांढरे बारीक मोड दिसले, की सावलीत खडखडीत वाळवून मंद आचेवर भाजावी आणि दळून आणावी. तान्ह्या बाळासाठी हे पीठ वस्त्रगाळ करावे. मोठ्यांसाठी मात्र चाळू नये, कारण खनिजे सालीजवळच अधिक असतात. ताकात रात्रभर भिजवून सकाळी शिजवलेली आंबील याहून चांगली, असे माझे मत आहे.

वनस्पतींतून मिळणारे लोह सहजासहजी शोषले जात नाही, म्हणून जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असावा, आणि चहा जेवणानंतर निदान तासभर टाळावा, कारण चहातील टॅनिन लोहाला अडवते. आपल्याकडे पानावरून उठल्याबरोबर चहा टाकण्याची सवय आहे. ती एक सवय मोडली तरी पुष्कळ साधते. भाजी लोखंडी कढईत करावी, पण शिजताच दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी.

तांब्याच्या बाबतीत धोका उलट बाजूने असतो. भांडी बाजारातून हौसेने आणलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल, तर त्यात ताक, चिंचेची आमटी किंवा लोणचे मुळीच ठेवू नये. ताक कळकते, त्याला हिरवट झाक आणि तुरट चव येते, आणि ते पिणाऱ्याला मळमळ व उलट्या होतात. द्राक्षबागेत फवारले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचे, म्हणजे तांब्याचेच असते. तेव्हा द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत.

मीठ आयोडीनयुक्त असल्याचे पाकिटावर पाहूनच घ्यावे आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवावे. उपवासाच्या सैंधवात पुरेसे आयोडीन नसते, त्यामुळे ते रोजचे मीठ करू नये. आयोडीन वाढावे म्हणून मीठ वाढवणेही चुकीचे आहे.

गोळ्यांची पाळी आली, तर आधी रक्ततपासणी करावी. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गर्भवतीचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले, की पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया, समजतात. पण कारण लोहाचीच कमतरता आहे की थॅलेसेमियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजार, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे, कारण थॅलेसेमियात लोह अंगात साचून अपाय होतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. लोहाच्या गोळीने शौच काळी होते. त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. लहान मुलांच्या जुलाबात मीठ-साखरेच्या द्रावणाबरोबर डॉक्टर जस्ताच्या गोळ्या १४ दिवसांसाठी देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी त्या पूर्ण कराव्यात. मोठ्यांनी मात्र जस्ताच्या जोरदार गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेऊ नयेत, कारण जस्त फार झाले की तांब्याचे शोषण घटते आणि पुन्हा रक्तच कमी होते. जाऊबाईंच्या लोहाच्या गोळ्या आम्ही फडताळाच्या सर्वांत वरच्या खणात, कुलुपात ठेवतो, कारण मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.